केस पेपरवर ‘बाईकवरून पडला’ असं लिहिलंय, म्हणून सहा लाखांत मिटवायचं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दादा ३१ वर्षांचा, वायरमनची कामं करणारा, शिमग्याच्या पालखीहून रात्री बाईकने घरी येत होता आणि लांज्याच्या अलीकडे हायवेला ओव्हरटेक करणाऱ्या पिकअपने उडवलं. डी-१२, म्हणजे छातीच्या भागातला शेवटचा मणका फुटला, कोल्हापूरला ऑपरेशन होऊन रॉड-स्क्रू टाकले, आज चार महिने झाले तरी कंबरेखाली हालचाल नाही, लघवीची जाणीव नाही. आणि आता विमा कंपनीकडून आलोय म्हणणारा एक माणूस घरी येऊन सांगतोय की पहिल्या दवाखान्याच्या केस पेपरवर ‘बाईकवरून पडून’ असं लिहिलंय, कोर्टात गेलात तर शून्य मिळेल, ६ लाख घ्या आणि मिटवा. दादाला यातलं अजून काही सांगितलेलं नाही, काय करू, असं तुम्ही विचारलंय.

सही करू नका. कोऱ्या कागदावर नाही, स्टॅम्प पेपरवर नाही, ‘नुसती पोच द्या’ म्हणाला तरी नाही.

मी गेली २२ वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोटार अपघाताचे दावे चालवते आणि मणक्याच्या केसमध्ये माझं पहिलं सांगणं कायम एकच असतं, अर्ज लवकर करायचा आणि तडजोड उशिरा. लोक नेमकं उलटं करतात, तडजोड चौथ्या महिन्यात करतात कारण हातात पैसे नसतात, आणि अर्ज ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणून ठेवून देतात.

आधी त्या केस पेपरचं बघू, कारण भीती तिथेच घातलीय. रात्री अपघात झाला की आणणारे लोक कोण असतात, रस्त्यावरचे, रिक्षावाले, मागून आलेले गावकरी. डॉक्टर विचारतात काय झालं, ते म्हणतात बाईकवरून पडलाय, डॉक्टर तेवढं लिहून पुढच्या कामाला लागतात कारण त्यांना पेशंटचं बीपी बघायचं असतं, गाडीचा नंबर नाही. अशी हिस्टरी मी कितीतरी केसमध्ये बघितलीय आणि तेवढ्यावरून दावा पडत नाही. दादाने स्वतः ते सांगितलं होतं का, तो शुद्धीवर होता का, आणणाऱ्याने धडक डोळ्यांनी बघितली होती का, हे उलटतपासात विचारलं जातं. अपघात दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडे पुरावा लागत नाही, कुठली गोष्ट जास्त संभवनीय आहे एवढंच बघतात. पिकअपच्या डाव्या बाजूला घासल्याची खूण, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी रिपोर्ट, घटनास्थळ पंचनाम्यातल्या काचा आणि टायरच्या खुणा, मागून येणाऱ्या माणसाचा जबाब, हे सगळं त्या एका ओळीपेक्षा जड असतं. एफआयआर उशिरा झाली असेल तरी तेवढ्याच कारणाने दावा फेकता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या केसमध्ये सांगितलंय की घरचा माणूस मरणाच्या दारात असताना कुणी आधी पोलीस स्टेशन शोधत नाही.

पण हे आपोआप होत नाही. उद्याच पोलीस स्टेशनला जाऊन एफआयआर, पंचनामा, गाडीचे आरसी-विमा-लायसन्सचे कागद यांच्या नकला मागा. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, तुमचे चार महिने झालेत म्हणजे तो गेलेला असायला हवा, गेलाय का ते विचारा आणि नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. जवळ पेट्रोल पंप किंवा हॉटेल असेल तर सीसीटीव्हीचं विचारून बघा, बहुतेक रेकॉर्डिंग आता पुसलेलं असेल, पण मी एका केसमध्ये पंपमालकाच्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ मिळवलाय, त्याने तेव्हाच कुणाला तरी पाठवला होता.

मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून ६ महिन्यांत अर्ज दाखल करायचा असतो. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिलाय की निव्वळ मुदतीच्या कारणावरून अर्ज काढून टाकू नका, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर तुम्ही दादाचं आयुष्य ठेवू नका. तुमच्याकडे दोन महिने आहेत, मध्ये पाऊस आणि गणपती. चाकरमानी आले की घरात कुणाचा पाय ठरत नाही. याच महिन्यात दाखल करा, कागद अर्धे असले तरी चालतात, बाकीचे नंतर जोडता येतात.

आता तडजोड उशिरा का म्हणते ते. घरातले सगळे मला एकच विचारतात, ऑपरेशन तर चांगलं झालं म्हणाले, मग उठत का नाही? मणका म्हणजे हाड, त्याच्या आत मज्जारज्जू. रॉड आणि स्क्रू हाड जागेवर धरतात, म्हणजे बसवता येतं, कुशीवर वळवता येतं, पण दबलेला मज्जारज्जू रॉडने बरा होत नाही. छातीचा ताठ भाग जिथे कंबरेच्या लवचिक भागाला मिळतो तो सांधा म्हणजे डी-१२ आणि त्याच्या खालचा, कंबरेचा पहिला मणका एल-१, झटका तिथेच येतो म्हणून तिथलीच फ्रॅक्चर जास्त दिसतात, आणि मज्जारज्जूचं खालचं टोक, जिथून लघवी-संडासचा कंट्रोल असतो, तेही साधारण तिथेच. म्हणून पायांबरोबर लघवी गेली. जे काही परत येतं ते बहुतेक पहिल्या वर्षभरात येतं, कुणाला थोडी जाणीव येते, कुणाला नाही. चौथ्या महिन्यात आकडा ठरवणं म्हणजे दादाचं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसताना ठरवणं.

आणि इथेच विमा कंपनीचा आवडता मुद्दा येतो. ते एक्स-रे दाखवतात, ‘फ्रॅक्चर जुळलंय’. जुळलंयच, हाड जुळलंय. त्यासाठी डॉक्टरांकडून मज्जारज्जूची स्थिती वेगळी लिहून घ्या, एशिया स्केल म्हणतात, ए ते ई, ए म्हणजे त्या पातळीखाली जाणीव नाही आणि हालचालही नाही, ई म्हणजे नॉर्मल. डिस्चार्जच्या वेळी काय होतं, सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय, असं तीन वेळा लिहिलेलं असेल तर जुळलेल्या हाडाचा मुद्दा तिथेच संपतो.

अपंगत्वाचा टक्का, यावर जरा जास्त लिहिते कारण सगळा पैसा इथे हलतो. जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडून दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढायचंच. पण दाखल्यावरचा टक्का शरीराचा असतो, कमाईचा नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सुप्रीम कोर्ट, ऑक्टोबर २०१० चा निकाल, आमच्या कामात रोज लागतो. त्यात उदाहरण दिलंय की डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व समजा ६० टक्के, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास १०० टक्के गेली, आणि तोच सरकारी क्लार्क असेल तर नोकरी टिकू शकते. तुमचा दादा वायरमन. शिडीवर चढायचं, माळ्यावर घुसायचं, पावसात खांबाजवळ उभं राहायचं. दाखल्यावर काहीही येवो, त्या कामापुरती त्याची कमाई १०० टक्के गेली असं आपण मांडायचं, आणि ते सिद्ध करायला दाखला देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवायचं. नुसता दाखला फाईलला लावून वकील गप्प बसला तर टक्का कापला जातो.

हिशोब करून दाखवते. आधी विमा कंपनीच्या पद्धतीने धरू, पगाराची स्लिप नाही म्हणून महिना ८,००० कमाई, टक्का ६०, पुढे कमाई वाढली असती त्याचं काही नाही. गुणक म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात तो, वय ३१ ला १६, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातून येतो, ३१ ते ३५ साठी १६. म्हणजे ८,००० गुणिले १२ गुणिले १६, त्याचे ६० टक्के, ९ लाख २१ हजार ६००. बघा, त्यांच्याच सगळ्यात कंजूष हिशोबानेसुद्धा निव्वळ कमाईचे ६ लाखांपेक्षा जास्त होतात, औषधपाणी अजून धरलेलंच नाही.

आता नीट मांडलं तर. महिना १५,००० सिद्ध झाले, त्यात स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीखालच्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, हे प्रणय सेठी २०१७, आणि जखमीच्या केसमध्येही ते द्यायचे हे पप्पू देव यादव २०२०. झाले २१,०००. गुणिले १२ गुणिले १६, म्हणजे ४० लाख ३२ हजार. मृत्यूच्या दाव्यात माणसाचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वगैरे कापतात तसं इथे कापायचं नाही, तो जिवंत आहे आणि त्याचा खर्च वाढलाय. एवढेच मिळतील असं मी म्हणत नाही, कमाई किती सिद्ध होते त्यावर सगळं आहे, म्हणून आजपासून तेच गोळा करा. दादाचा वायरमनचा परवाना, गुगल पेच्या जमा, इलेक्ट्रिकच्या दुकानातली त्याच्या नावाची उधारीची वही, ज्यांच्या घरांची वायरिंग केली त्यातले दोन-तीन जण जे कोर्टात येऊन सांगतील की हो आम्ही एवढे दिले. दुकानदाराची साक्ष मला फार उपयोगी पडते, तो माणूस आठवड्याला किती माल उचलायचा हे तो सांगतो आणि त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं.

आणि सांभाळणारा माणूस. यावर लोक एक पैसा मागत नाहीत कारण घरचेच करतात, आईचं कसलं बिल. २०२० मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटेंडंटचा खर्चसुद्धा गुणकाने काढायचा, एकरकमी काहीतरी टेकवायचं नाही. महिना ८,००० धरले तरी तुमच्या केसमध्ये ते १५ लाख ३६ हजार होतात.

देवगडकडची एक केस होती, मुलगा २४ वर्षांचा, कंबरेखाली काही नाही. त्याची आई शाळा चौथीपर्यंत शिकलेली. मी तिला पहिल्या भेटीत सांगितलं होतं की रात्री काय काय करता ते लिहून ठेवा, आणि मी विसरून गेले. दीड वर्षाने साक्षीच्या दिवशी ती पिशवीतून कालनिर्णयची पानं घेऊन आली, भिंतीवरची, खिळ्याचं भोक पडलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलने, १० डा, १२ उ, २ डा, ४ उ. डावी कूस, उजवी कूस. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर बेडसोर होतो आणि तो आत हाडापर्यंत जातो हे तिला हॉस्पिटलच्या नर्सने सांगितलेलं, ते तिने एकही रात्र न चुकता केलं होतं. काही चौकोनांत ‘नळी’ लिहिलेलं, म्हणजे चार-सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढायची ती. कंपनीच्या वकिलांनी ती पानं हातात घेऊन बघितली, परत ठेवली आणि अटेंडंटवर एकही प्रश्न विचारला नाही. त्या हेडखाली मागितलेलं पूर्ण मंजूर झालं. तुम्ही आजपासून लिहा. वहिनी किंवा आई जे कोण करत असेल त्यांनी.

घराचंही लिहिते. तुमचं घर वाडीत खाली आहे, पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून जावं लागतं असं तुम्ही म्हटलंय. त्या पाखाडीचे फोटो काढा, वरच्या रस्त्यापासून ओट्यापर्यंत किती पायऱ्या ते मोजून लिहा, संडास परसात असेल तर त्याचाही. दादाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसं खुर्चीला बांधून वर आणतात आणि मग गाडी, हे शहरातल्या माणसाला कळत नाही आणि फाईलवर नसेल तर न्यायाधीशांनाही कळणार नाही. व्हीलचेअर जाईल असा रॅम्प, रुंद दार, आतला संडास, याचं गवंड्याकडून अंदाजपत्रक सही-शिक्क्याने घ्या. व्हीलचेअर एकदा घेऊन आयुष्यभर पुरत नाही, एअरबेड फाटतो, त्यामुळे पुढचा वैद्यकीय खर्च वेगळा मागायचा आणि तो डॉक्टरकडून लिहून घ्यायचा.

मेडिकलची बिलं आत्ताच झेरॉक्स करा. थर्मल कागदावरची छपाई सहा-आठ महिन्यांत पुसून कोरा कागद उरतो, आणि आपल्याकडे पावसात कपाटात ठेवलेल्या फाईलला बुरशी धरते. प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, एमआरआयच्या फिल्म वेगळ्या. डायपर, कॅथेटर, अँब्युलन्स, कोल्हापूरला जायची गाडी, सगळ्याच्या पावत्या. मेडिक्लेममधून काही बिल मिळालं असेल तर लपवू नका, मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय की मेडिक्लेमचे पैसे नुकसानभरपाईतून वजा होत नाहीत. याशिवाय वेदना, लग्न-संसाराचं सुख, फिरणं-नाचणं गेल्याचं वेगळं मागतात. तुमचा दादा पालखी नाचवायचा, ते अर्जात लिहा, मी अर्ज केला असता तर मीही लिहिलं असतं, संकोच करू नका.

कंपनी अजून काय म्हणेल, तर हेल्मेट नव्हतं, दारू होती, दादाचीच चूक. मणक्याच्या दुखापतीत हेल्मेटचा संबंध काय हे त्यांना सिद्ध करू दे. शिमग्याची रात्र म्हटल्यावर दारूचा आरोप येणारच, रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे का ते बघा, नुसत्या वासाच्या शेऱ्याने भागत नाही. पिकअपवाल्याकडे ट्रान्सपोर्टचं वेगळं लायसन्स नव्हतं असं म्हणाले तर, ७,५०० किलोच्या आतली गाडी असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगून टाकलंय.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी मध्येच एक सांगते, पिकअपच्या हौद्यात बसून लग्नाला, देवाला, क्रिकेटच्या मॅचला जाणं बंद करा. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडून फुकट बसलेल्यांना विम्याचं संरक्षण नसतं. गाडी उलटली, मणका मोडला आणि विमा कंपनी सुटली तर ज्याच्याकडे फक्त ती कर्जावरची गाडी आहे अशा मालकाकडून वसूल करायचं राहतं, तो बहुतेक तुमच्याच वाडीतला असतो. आणि आंब्याच्या नाहीतर नारळाच्या झाडावरून पडून कंबर गेली तर तो मोटार अपघात नाहीच, तिथे मजुरीवर लावणाऱ्या बागमालकाकडून कामगार नुकसानभरपाई किंवा शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना, दोन अवयव कायमचे गेले तर २ लाख, अर्ज तालुका कृषी कार्यालयात. रक्कम कमी आहे, पण लोकांना माहीतच नसते.

परत तुमच्याकडे. त्या माणसाला सांगा, ऑफर लेखी द्या, कंपनीच्या लेटरहेडवर, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने. खरी ऑफर तशीच येते आणि न्यायाधिकरणासमोर येते. बहुतेक तो परत येणार नाही. पुढे लोक अदालतीत चांगला आकडा आला तर जरूर विचार करा, तिथे पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही हे लक्षात ठेवून जा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील, आणि आपल्या दोन जिल्ह्यांसाठी ते ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला, मुंबईची खेप वाचली.

वकील निवडताना, जो मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागतो तो बार कौन्सिलच्या नियमाच्या बाहेर वागतोय, मग तो कितीही गोड बोलो. पैसे नसतील तर रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो दादाचा हक्क आहे. रक्कम मंजूर झाली की मोठा भाग मुदत ठेवीत ठेवतात, त्याला विरोध करू नका, महिन्याला व्याज दादाच्या खात्यात येईल असा आदेश मागून घ्या. मी बघितलंय, रक्कम एकदम हातात आली तिथे दोन वर्षांत घराचा स्लॅब झाला आणि कॅथेटरला पैसे नव्हते.

शेवटचं, दादाला सांगितलेलं नाही म्हणालात त्याबद्दल. दादा शुद्धीत आहे, सज्ञान आहे, हात चालतायत. दावा त्याच्या नावाने होणार, वकीलपत्रावर सही त्याची लागणार, साक्षही त्यालाच द्यायची आहे. कोर्टात नेणं जमत नसेल तर घरी कोर्ट कमिशनर येऊन साक्ष घेतो किंवा व्हिडिओवर होते, पण त्याच्याऐवजी तुम्ही बोलू शकत नाही. चार महिने तो खाटेवरून तुमची पडवीतली कुजबुज ऐकतोय आणि तुम्हाला वाटतंय त्याला माहीत नाही. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, तो माणूस काय म्हणाला ते सांगा, ६ लाखांचा आकडा सांगा, आणि वरचा हिशोब त्याला कागदावर करून दाखवा. धडकेच्या आधी हॉर्न वाजला होता का, लाईट कुठल्या बाजूने आली, हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. तो काय सांगतो ते तारखेसकट लिहून घ्या आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.